आतलं देणं

दर वर्षी १२ नोव्हेंबरला सकाळी आमच्या दारात एक ताटली येते. वर केळीचं पान, खाली बीको. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात आणि काळ्या साखरेत आटवून केलेला, वर नारळाच्या दुधाची तळून तपकिरी झालेली चुरी. मी एकदा चिपळूणच्या आजीला त्याचा फोटो पाठवला. ती म्हणाली, "हा नारळीभातच की रे. फक्त गिच्च गोळा झालाय."

ताटली आणते ती नानाय. नानाय म्हणजे आई, पण आमच्या गल्लीत कुठल्याही वयस्क बाईला ही हाक चालते. तिच्या मुलाला मी कुया म्हणायचो, म्हणजे दादा. नानाय आली की आई ताटली दोन्ही हातांनी घेते, दोघी दारातच पाच मिनिटं बोलतात, विजेचं बिल, गुडघे, नातवंडांची शाळा. नानाय वळली की आई ताटली ओट्यावर ठेवते आणि तिच्याकडे पाठ करून भांडी घासायला लागते. इतक्या वर्षांत आईने त्यातला घास खाल्लेला मी पाहिलेला नाही. मी खातो. कुणीतरी खायला हवं.

मी मारिकिनाचा. मनिलाच्या पूर्वेकडचं नदीकाठचं शहर, बूट-चपलांसाठी प्रसिद्ध. इथे बुटांचं संग्रहालय आहे आणि त्यात जुना हुकूमशहा मार्कोस याच्या बायकोचे, इमेल्दाबाईंचे बूट मांडून ठेवलेत, एवढं सांगितलं की परक्यांना गाव लक्षात राहतं. माझा पासपोर्ट फिलिपिन्सचा, चेहरा निम्मानिम्मा आणि मराठी सगळी आजीची. बाबा चिपळूणचे, जहाजावर इंजिनियर. त्यांच्या जहाजावरच्या एका फिलिपिनो मोटरमनची बहीण ती माझी आई. कोकणातले आणि इथले लोक एकाच जहाजावर नऊ-नऊ महिने काढतात, त्यामुळे हे लग्न ऐकायला वाटतं तेवढं नवलाचं नाही. आठ वर्षांचा होईपर्यंत मी चिपळुणात वाढलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. मग २००८ साली आईची आई, माझी लोला, अंथरुणाला खिळली आणि आई मला घेऊन परत आली. इथली सगळी पोरं आईला 'मामा' म्हणतात. मला ते जमेना. मामा म्हटलं की डोळ्यासमोर जहाजावरचा मिशीवाला मोटरमन यायचा. म्हणून मी एकटाच अख्ख्या गल्लीत 'आई' म्हणून ओरडतो.

इथे येऊन वर्ष होतंय तोवर ओंदोय नावाचं वादळ आलं.

२६ सप्टेंबर २००९, शनिवार. आमच्या शेजारच्या केसोन सिटीच्या वेधशाळेत २४ तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर पाहिलेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथला पाऊस सिएरा माद्रेच्या उतारावरून वाहत येऊन सगळा एका अरुंद नदीत शिरतो, आणि त्या नदीच्या काठावर आम्ही. मारिकिना नदी १५ मीटरवर पोचली की पहिला भोंगा होतो, १६ ला दुसरा, १८ ला तिसरा. तिसरा म्हणजे पळा. त्या दिवशी ती साडेएकवीसपर्यंत गेली.

आमचं घर तेव्हा एकमजली होतं. पाणी चौकटीला लागलं तेव्हा आई लोलाला उचलायचा प्रयत्न करत होती आणि मी टेबलावर उभा राहून मराठीत रडत होतो. दुसरी भाषा रडण्याइतकी अजून आली नव्हती. कुया खिडकीतून आत आला. त्याच्या कमरेला ट्रकच्या चाकाची ट्यूब बांधलेली. तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा असेल, ट्रायसिकल चालवायचा. ट्रायसिकल म्हणजे मोटरसायकलला जोडलेली पत्र्याची बाजूगाडी, आपल्या रिक्षाची लांबची बहीण. त्याने मला खांद्यावर घेतलं, दुमजली घराच्या पत्र्यावर नेऊन ठेवलं आणि परत गेला. आई आली. तो परत गेला. शेवटच्या खेपेला लोलाला कपडे धुण्याच्या मोठ्या टबात बसवून, टब ढकलत आणला. लोला टबात जपमाळ धरून बसली होती आणि त्याला ओरडत होती, की हळू, टब माझा आहे, फुटेल.

रात्रभर आम्ही पत्र्यावर होतो. मला डुलकी लागली की कुया चिमटा काढायचा.

आता इथला शब्द सांगायला हवा. उतांग ना लोओब. उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आतला भाग, घराचाही आणि माणसाचाही. पुस्तकांत 'कृतज्ञता' असं भाषांतर सापडतं आणि ते पार चुकीचं आहे. कृतज्ञता वाटायची असते. उतांग ना लोओब असतं, तुम्हाला वाटो न वाटो, जमिनीवरच्या बोजासारखं. पैशाच्या कर्जाला तारीख असते, हप्ता असतो. याला नसतो. फेडायचा प्रयत्न जन्मभर करायचा आणि फिटलं असं कधी म्हणायचं नाही, म्हटलंत तर तुम्ही माणसातून उठलात. 'वालांग उतांग ना लोओब', याला आतलं देणं नाही, ही इथली जिव्हारी लागणारी शिवी. आईबहिणीवरची शिवी लोक विसरतात, ही विसरत नाहीत.

मराठीत मला त्याच्या जवळ जाणारा शब्द 'देणं' वाटतो. कर्ज म्हणजेही देणं आणि दिलं तेही देणं. दोन्हीला एकच शब्द ठेवणारा पूर्वज कोण होता कुणास ठाऊक, पण त्याला काहीतरी कळलेलं होतं. चिपळूणच्या शाळेत स्नेहसंमेलनाला हेडमास्तर म्हणायचे, "त्यांचे आभार मानून मी त्यांच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही," आणि आम्ही खाली सतरंजीवर एकमेकांना कोपरं मारायचो. पुढे कळलं की ते वाक्य मराठीत लोक बोलायचं म्हणून बोलतात. इथे ते जगायचं म्हणून जगतात, आणि ते नेहमी चांगलंच असतं असं नाही. नगरपालिकेतला एखादा पुढारी कुणाच्या बापाचं दवाखान्याचं बिल भरतो, आणि मग त्या घरातली मतं दोन पिढ्या त्याच्याकडे गहाण पडतात. घरच्यांना तो चोर आहे हे माहीत असतं. पण बाप वाचला ना.

कुयाला आम्ही काय दिलं? आई बुटांच्या एका छोट्या कारखान्यात वरचं चामडं शिवायची. तिने त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने बुटांचा जोड शिवला. त्याने तो लग्ना-बारशांना घातला, एरवी तो रबरी चपलेतच असायचा. बाबांनी जहाजावरच्या पैशांतून आमच्या घरावर दुसरा मजला चढवला. पूर आला तर, म्हणून.

२०१६ च्या मे महिन्यात रोद्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. १ कोटी ६६ लाख मतं, ३९ टक्के. त्यातलं एक आईचं. मी तिला दोष देत नाही. ती रात्री नऊला कारखान्यातून चालत यायची, दोनदा तिची पर्स ओढलेली, एकदा सुरा दाखवून. कुणीतरी म्हणालं की सहा महिन्यांत हे सगळं संपवतो, आणि तिला ते ऐकायचंच होतं. मला मत नव्हतं, मी सोळा वर्षांचा होतो. पण मनगटावर त्यांच्या प्रचाराचं रबरी कडं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

जुलैपासून तोकहांग सुरू झालं, अमली पदार्थांविरुद्धची पोलिसांची मोहीम. हा सेबूकडच्या बिसाया भाषेतला जोडशब्द. 'तोकतोक' म्हणजे दार ठोठावणं, 'हांग्यो' म्हणजे विनवणं. पोलिसांनी संशयिताचं दार वाजवायचं आणि हात जोडून सांगायचं की बाबा रे, हे सोड, अशी मूळ कल्पना. त्यासाठी वस्तीवस्तीत याद्या झाल्या. बारांगाय म्हणजे आमची सगळ्यात खालची पंचायत, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. यादी करायला फारसा वेळ लागत नाही.

कुया शाबू घ्यायचा. गल्लीला माहीत होतं. रात्रपाळीला ट्रायसिकल चालवणारे बरेच जण घ्यायचे, झोप येत नाही, भूक लागत नाही. (आजीला मी फोनवर सांगितलं की इकडे शाबूपायी माणसं मरतायत. ती घाबरीघुबरी झाली. तिच्याकडे शाबू म्हणजे उपासाचा साबुदाणा. "कसली भेसळ करतात रे मेले?" अमली पदार्थ म्हणजे काय हे तिला समजावताना माझी मराठी अपुरी पडली. शेवटी तीच म्हणाली, "म्हणजे गांजासारखं. मग तसं सांग ना.") कुया आपण होऊन बारांगायात गेला, नाव लिहिलं, सही केली, हात वर करून शपथ घेतली. 'सरेंडर' म्हणायचे त्याला. सरेंडर झालेल्यांना बास्केटबॉलच्या कोर्टवर उभं करून झुंबा करायला लावत. पन्नासेक बाप्ये, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला दात नाहीत, आणि समोर मोठ्याने गाणं लावून नाचवणारी बाई. आम्ही पोरं जाळीमागून खदखदून हसत होतो. कुयाने आम्हाला पाहिलं आणि मुद्दाम कंबर जास्त हलवली.

नंतरची रात्र मी अनेकदा मनात मांडून पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी मला ती थोडी बदलावीशी वाटते. जशी होती तशीच लिहितो.

सप्टेंबरचा शेवट. ओंदोयला त्याच आठवड्यात सात वर्षं झाली होती. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. दारावर टकटक झाली, हलकी, बोटाच्या पेराने केल्यासारखी. आई आणि मी दोघंही खाली होतो. आईने दिवा मालवला. मी खिडकीची फट उघडली तर कुया. गेल्या दोन रात्री टर्मिनलवर अनोळखी मोटरसायकल फिरतेय, म्हणाला. यादीतल्या दोघांना पलीकडच्या वस्तीत उडवलं. वरच्या मजल्यावर झोपू दे का, दोन-चार रात्री, मग मी बिकोलला मामाकडे जाईन.

मी मागे पाहिलं. आईने डोकं हलवलं. नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं नाही, काही बोलली नाही, फक्त डोकं हलवलं, आणि पुढचं सगळं मी केलं. मी म्हटलं, "आई घरी नाही, कुया. तिला विचारल्याशिवाय कसं?"

त्याने खाली पाहिलं. उंबऱ्याबाहेर आईच्या चपला होत्या. तिने स्वतः शिवलेल्या, लाल पट्ट्याच्या, गल्लीत तशा दुसऱ्या कुणाच्या नाहीत. बाहेर जाताना ती त्याच घालायची. इथेही चिपळूणसारखं चपला बाहेर काढून घरात यायचं असतं.

"सिगे," तो म्हणाला. बरं. "ठीक आहे. झोप तू. उद्या शाळा आहे ना?"

अकराव्या दिवशी संध्याकाळी ट्रायसिकलच्या टर्मिनलवर मोटरसायकलवरून दोघं आले, मागच्याने गोळ्या झाडल्या. दोघांच्याही डोक्याला हेल्मेट. कुणी पकडलं गेलं नाही, कुणाचं नाव पुढे आलं नाही. पोलिसांच्या कारवाईत मेलेल्यांचा सरकारी आकडा पुढे सहा हजारांवर गेला, मानवी हक्कांसाठी काम करणारे लोक खरा आकडा त्याच्या कितीतरी पट सांगतात. कुया त्या सरकारी आकड्यात नाही. त्याला मारणाऱ्यांनी गणवेश घातला नव्हता.

इथे मयताला लगेच नेत नाहीत. लामाय असतं. पेटी घरात किंवा दारासमोर मांडव घालून ठेवायची, आणि दिवसचे दिवस रात्री जागवायच्या. कॉफी, बिस्किटं, खारवलेल्या कलिंगडाच्या बिया. पत्त्यांचे डाव बसतात आणि प्रत्येक डावातला वाटा घरच्यांना जातो, त्यातून पुरण्याचा खर्च निघतो. गरिबाचं लामाय लांबतं, कारण पैसे जमत नाहीत. चिपळुणात मयताच्या घरी पत्ते खेळले असते तर गावाने वाळीत टाकलं असतं, पण मला इथली रीत जास्त माणुसकीची वाटते. पत्ते खेळायला का होईना, माणसं रात्रभर बसतात.

कुयाच्या लामायला मात्र गर्दी नव्हती. यादीतल्या माणसाच्या मांडवात कोण बसतंय हे पाहणारेही असतात, असं लोक म्हणत. आई आणि मी सातव्या रात्री गेलो. आईने पाकिटात बरेच पैसे घातले होते, एवढे की मला ते पाहूनच लाज वाटली.

पेटीच्या काचेवर कोंबडीचं एक पिल्लू सोडलेलं होतं. पिवळं, जेमतेम चार दिवसांचं. पुढ्यात तांदळाचे दाणे. खून झालेल्या माणसाच्या पेटीवर पिल्लू ठेवतात. त्याने एकेक दाणा टिपला की तिकडे मारेकऱ्याची बुधी टोचली जाते, असा समज. बुधी हा आपलाच शब्द, बुद्धी. गुरो म्हणजे गुरू, मुखा म्हणजे मुख, दिवाता म्हणजे देवता, तसा हाही कधीतरी समुद्रावरून इकडे आला. पण प्रवासात त्याचा अर्थ सरकला. इथे बुधी म्हणजे अक्कल नव्हे. बुधी म्हणजे आपण काय केलं ते आत बसून जाणणारं जे कुणी असतं, ते. मराठीत 'दुर्बुद्धी सुचली' म्हणताना तो जुना अर्थ अजून थोडा शिल्लक आहे. आजी देवापुढे दिवा लावून "सगळ्यांना चांगली बुद्धी दे रे महाराजा" म्हणते, ती काही आमचे गणिताचे मार्क वाढावेत म्हणून नाही.

काचेखाली कुयाचा चेहरा होता, पावडर लावून उजळ केलेला. पायात आईने शिवलेले बूट असतील का, हा विचार माझ्या मनात आला आणि जाईना. पेटी कमरेपर्यंतच उघडी असते. पिल्लू टोचत होतं. टक. टक. काचेवर चोच आपटल्याचा आवाज अगदी बारीक असतो. बोटाच्या पेराने दार वाजवल्यासारखा.

नानायने आम्हाला कॉफी दिली. "जेवलात का?" विचारलं. इथे सगळे सगळ्यांना हेच विचारतात, तरीही. निघताना ती दारापर्यंत आली नाही. लामायला आलेल्यांना घरच्यांनी पोचवायला जायचं नसतं. आणि जाणाऱ्याने थेट घरी जायचं नसतं, वाटेत कुठेतरी थांबून मरण झटकून टाकायचं. पागपाग म्हणतात त्याला. आई आणि मी चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका दुकानात ट्यूबलाइटखाली बसलो. वाफवलेला एक पाव दोघांत घेतला, तो संपला नाही. आई मराठीत म्हणाली, "तू लहान आहेस. तू काय केला नाय." चिपळुणात आठ वर्षं राहूनही तिचं मराठी असंच राहिलं. आमच्यात त्या रात्रीविषयी एवढंच बोलणं झालं.

'तोकहांग' या शब्दाकडे मी बरेच दिवस भाषेचा विद्यार्थी पाहतो तसा पाहत होतो. एके दिवशी बसमध्ये एकदम लक्षात आलं. त्या वर्षी आमच्या गल्लीत पोलिसांनी हात जोडून कुणाला विनवल्याचं मला आठवत नाही. पण तोकतोक झालं होतं, आणि हांग्योही. कुयाने केलं होतं. आमच्या दाराशी.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कालोओकानला किआन देलोस सांतोस नावाचा मुलगा मारला गेला. सतरा वर्षांचा, माझ्याच वयाचा. कॅमेऱ्यात दिसलं म्हणून गाजलं, २०१८ मध्ये तीन पोलिसांना शिक्षा झाली. आईने तेव्हा माझं रबरी कडं कचऱ्यात टाकलं. मी ते घालायचं केव्हाच सोडलं होतं, तिने ड्रॉवरमधून शोधून काढलं.

मग १२ नोव्हेंबर २०२० ची पहाट. उलिसिस नावाचं वादळ, वर करोना. नदी २२ मीटरवर गेली, ओंदोयच्याही वर. तीनच्या सुमारास दारावर थापा पडल्या. पहिली थाप पुरती पडायच्या आत आई जिन्यावरून धावत सुटली होती. दारात नानाय, मुलगी आणि दोन नातवंडं, छातीइतक्या पाण्यात. चार दिवस ती सगळी आमच्या वरच्या मजल्यावर राहिली. नानाय झोपायची ती बरोबर तीच जागा, जी कुयाने मागितली असती. तिथेच पंखा होता.

पाणी ओसरल्यावर निघताना तिने आईचे दोन्ही हात धरले. म्हणाली, माझ्या नातवंडांचे जीव तुमच्याकडे देणं आहेत, आतलं देणं, मी मरेपर्यंत. आई काही बोलली नाही. ती खाली गेली आणि फावडं घेऊन चिखल उपसायला लागली. आमचा झाल्यावर शेजारच्यांचा. अंधार पडेपर्यंत थांबली नाही.

आणि तेव्हापासून ही ताटली.

नानायसारखा चोख हिशोब ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये केसोन सिटीत मागिनहावा रस्त्यावर आना पात्रिसिया नोन या सव्वीस वर्षांच्या मुलीने बांबूची एक गाडी उभी केली, भाजी-तांदूळ ठेवले आणि पाटी लावली की जमेल तेवढं द्या, लागेल तेवढं न्या. थोड्याच दिवसांत देशभर अशा गाड्या निघाल्या, आमच्या कोपऱ्यावरही. कुणी दिलं ते घेणाऱ्याला माहीत नाही, कुणी नेलं ते देणाऱ्याला माहीत नाही. त्या मुलीवर लगेच कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारायचा प्रयत्न झाला, तो भाग सोडा. मला त्यातली गंमत ही वाटत होती की शेकडो वर्षांच्या उतांग ना लोओबला या मुलीने एका पाटीने बगल दिली. देणं आहे, पण कुणाचं ते माहीत नाही, मग फेडणार कुणाला? मी उत्साहाने नानायला घेऊन गेलो. ती गाडीजवळ उभी राहिली, अंडी पाहिली, हात लावेना. लाज वाटते, म्हणाली. मग घरी गेली, दारातल्या शेवग्याचा पाला तोडून जुडी बांधून आणली, गाडीवर ठेवली, आणि मग दोन अंडी घेतली. दोनच.

त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. आजीचा फोन दोन दिवस लागत नव्हता आणि मी इथे बसून आयुष्यात पहिल्यांदा पुराकडे दुरून पाहत होतो. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज आला तो तक्रारीचा. तिला पाठुंगळी मारून वर नेलं ते शेजारच्या माणसाने, ज्याच्याशी तिची कुंपणावरून चौदा वर्षं कोर्टात केस चालू आहे. मागचं दार त्याने लाथेने तोडलं. "आता केस मागे घ्यावी लागते की काय," आजी म्हणाली, "मला त्याचीच जास्त धास्ती." तिने केस मागे घेतली नाही. त्यानेही घेतली नाही. पण दर उन्हाळ्यात ती त्याच्याकडे फणसाचे गरे पाठवते, आणि तोडलेल्या दाराचे पैसे वकिलामार्फत मागते. "केस वेगळी, गरे वेगळे." हे माझ्या फिलिपिनो अर्ध्या भागाला अजिबात समजत नाही आणि मराठी भागाला त्याचा हेवा वाटतो.

२०२५ च्या ११ मार्चला दुतेर्तेंना मनिलाच्या विमानतळावर अटक झाली आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे उभं करायला हेगला नेलं. त्या दिवशी नानाय आमच्याकडे होती, आईबरोबर लसूण सोलत. टीव्हीवर तेच चालू. दोघींनी मान वर करून पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी होईल. नानाय म्हणाली, "तिकडे थंडी असेल." आणि पुढची पाकळी सोलली. तो राग होता की दया, की नुसती थंडी, मला आजवर ठरवता आलेलं नाही. आईने टीव्ही बंद केला.

त्या रात्री मी आजीला सगळं सांगितलं. फटीतून काय बोललो ते, चपला, सगळं. ती बराच वेळ गप्प होती, मला वाटलं फोन कट झाला. मग तिने विचारलं, "ती बाई ताटली आणते, ती परत करताना काय घालता त्यात?"

मी म्हटलं, काही नाही. आई घासून, पुसून, लखलखीत करून परत देते.

"रिकामी?" आजीचा आवाज चढला. कुयाबद्दल ऐकताना चढला नव्हता इतका. "इतकी वर्षं रिकामं भांडं पाठवताय तिच्या घरी?"

या नोव्हेंबरात ताटली आली, मी बीको खाल्ला, आणि संध्याकाळी आजीला व्हिडिओवर ठेवून नारळाच्या वड्या केल्या. नारळ इथे ढिगाने, वेलचीसाठी मात्र चार दुकानं हिंडलो. आई दारात उभी राहून पाहत होती. वड्या थापल्यावर तिने न बोलता सुरी घेतली आणि कापल्या, चामडं कापते तशा, सगळ्या एका मापाच्या. बरोबर आली नाही.

नानायच्या घरी मी तिचा हात कपाळाला लावला, आशीर्वाद घेतला. कुयाचा फोटो सांतो निन्योच्या मूर्तीशेजारी आहे, त्यात तो हसतोय आणि पायात बूट आहेत. मी ताटली पुढे केली. तिने पान उचललं, वास घेतला.

मी म्हटलं, "नानाय, त्या रात्री आई घरातच होती." तागालोगमध्ये हे वाक्य आणखी छोटं होतं. आदराचा 'पो' लावायला मी विसरलो नाही, हे मला नंतर विचित्र वाटलं.

ती वडीचा कोपरा मोडत होती. "माहीत आहे. चपला होत्या, म्हणाला."

बाहेर कुणाची तरी ट्रायसिकल सुरू होत नव्हती. चार-पाच वेळा किक मारल्याचा आवाज आला.

"तुमच्याकडे त्याला मीच पाठवलं," ती म्हणाली. "घरात लेकरं होती. म्हटलं, इथे नको झोपूस, त्यांचं घर दुमजली आहे, तिकडे जा. परत आला तेव्हा मी कडी काढली नाही. आतूनच म्हटलं, सकाळी ये."

तिने एक वडी उचलून फोटोपुढे ठेवली. एक माझ्या हातावर दिली. उरलेल्यांवर परत पान झाकलं आणि ताटली स्वतःकडे ओढून घेतली. मोडलेला कोपरा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"गोड फार झालीय," ती म्हणाली. "आजीला विचार, साखर नक्की किती."